पळीभर

अकरा वर्षं मी माणसं इथवर आणून सोडतो.
गाडी बारा सीटांची, माणसं आठ, फार तर नऊ.
"जास्त झाली की दगड बोलत नाहीत, सुपडू,"
देवरे सर म्हणतात.
दगड बोलतात का, मी कधी विचारलं नाही.
ते वर जातात. मी पळसाखाली सीट मागे टाकून झोपतो.
त्यांच्या मोज्यांतून आलेली कुसळं
संध्याकाळी मॅटवरून मीच वेचतो.

परवा बळसाणे, काल एरंडोल.
शेवभाजीनं दोघांची पोटं बिघडली.
भडगावच्या अलीकडे केळीचा ट्रक आडवा,
दीड तास.
कुणी चिडलं नाही. एकानं खाली उतरून
सांडलेल्या घडांचं चित्र काढलं,
ट्रकवाला म्हणाला, मालकाला दाखवायला द्या.

आज पाटण.
कालिंदीबाई, वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे नवे,
म्हणाल्या, हात द्या, मला वर यायचंय.
मी म्हटलं, गाडी?
म्हणाल्या, गाडी काय माकडं नेतात?

पायऱ्या त्या मोठ्यानं मोजत होत्या.
मधेच चुकल्या, मला विचारलं, किती झाल्या?
मला कुठे ठाऊक.
गणितात तीनदा नापास मी,
तिसऱ्यांदा बापानं दप्तर गव्हाणीत टाकलं
आणि बैलानं भूगोल खाल्ला.

आत वटवाघळांचा वास, शेंदूर, जुनं तेल.
सरांनी बॅटरी शिळेला तिरपी धरली,
सरळ धरली की अक्षरं लपतात म्हणे.
बोट न टेकवता वाचत गेले :
एका नातवाला वाटलं, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत,
म्हणून मठ. गणिताचा. इथेच, या गावात कुठेतरी.
मठाला खर्च लागतो, तर पेठेतून एवढं,
गिऱ्हाइकाकडून एवढं,
आणि जितके घाणे चालतील
त्यांचं पळी पळी तेल.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.
आठही जणांनी वळून पाहिलं.
ड्रायव्हर बोलला होता.

वाघळीला आमचा घाणा होता.
बाभळीची लाट, बैलाच्या डोळ्यांना गोणपाटाची झापड.
मापाला बसण्याआधी बाप एक पळी
वेगळ्या बुधल्यात टाकायचा.
कोनासाठे, बाबा?
"तशी रीत शे."
बुधलं भरलं की मारुतीला, नाहीतर
ज्याच्या घरी लेकरू झालं त्याच्याकडे.
मी सहा वर्षांचा असताना मोटरचा घाणा आला,
बैल विकला, बुधल्यात आईनं खिळे ठेवले.

"आठशे वर्षं आहेत मधे," सर हळूच म्हणाले,
"असं जोडता येत नाही, सुपडू."
खरं आहे.
मी जोडलं नव्हतं. सांगितलं फक्त.

दुपारी ते नागार्जुन कोठडीकडे निघाले
तेव्हा कालिंदीबाई माझ्या सीटवर बसल्या,
माझ्याच पळसाखाली, म्हणाल्या,
आता तू जा. येऊन सांग.

कोठडीत कुणी बोलत नव्हतं.
दगडात कोरलेला ओटा, माणसाएवढा.
त्यावर आडवं व्हायला कुणी धजेना.
मी झालो. मला झोपायची सवय.
पाठीला गार लागलं, खोल,
मग वरच्या कोनाड्यात काजळी दिसली.
गुराख्यांच्या चहाची असेल.
आता झोप येईना.

खाली आलो. बाई जाग्या.
"काय होतं?"
खोली.
"आणि?"
दिव्याला जागा.
त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेवढंच हवं होतं,
मग म्हणाल्या, माकडानं आरसा वाकवलाय.

रात्री चाळीसगावला लॉजच्या जिन्यात बसून
डिझेलचा हिशोब लिहायला घेतला.
वीज गेलेली.
बेरीज दोनदा चुकली.
मोबाईलची बॅटरी वहीवर तिरपी धरली
आणि पुन्हा वरून सुरुवात केली,
हातचा एक.