चार बाजूंचा दगड

कन्नड सोडलं तेव्हा गाडीत आम्ही सात जण,
आणि पिशवीभर दशम्या.
नागापूरच्या पुढं ड्रायव्हर थांबला, म्हणाला,
"इथून माझी गाडी येत नाही,
तुमचे पाय येतात का बघा."

पाय.
बावीस वर्षं जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यात
वजनाच्या पावत्या फाडताना
टेबलाखाली निजलेले माझे पाय
उठले ते थेट सागाच्या पाचोळ्यात.

पुढं सुभान तडवी.
खांद्यावर पाण्याचा कॅन,
पायात पोरीच्या चपला, टाच बाहेर.
"वाट दाखवायचे तीनशे, ताई.
गोष्टी फुकट."

कातिक लागलेला.
गवत पिवळं पडून कुसळं मोज्यात शिरत होती,
आणि सीताफळांनी नुकते डोळे उघडले होते.
त्यानं एक फोडलं, अर्धं मला दिलं.
"बिया थुंकू नका. वर न्या.
बुरजाकडं सावली नाही, तिथं टाका."
मी अकरा बिया मोजून खिशात ठेवल्या.
मोजायची सवय.

वाटेत तो दगड.
उभा, चार बाजूंचा,
चारी अंगांना फारसी अक्षरं, शेवाळानं अर्धी खाल्लेली.
सुभानला वाचता येत नव्हतं, पण पाठ होतं.
तळहात ठेवत ठेवत सांगत गेला,
"ही बाजू दौलताबाद.
ही बऱ्हाणपूर.
हिकडं चाळीसगाव.
ही नगरची."
"आणि तुमचं गाव?"
तो दगडाभोवती एक फेरा फिरला,
खरंच शोधल्यासारखा.
"नाही घेतलं त्यानं.
आम्ही त्याच्याबी आधीचे असू,
म्हणून राहून गेलो."
मग एकटाच हसला.

वर अंतूर.
दरवाज्यातून वारा असा आला
की फिरदोसची ओढणी तोफेला जाऊन गुंडाळली.
हिवाळेंनी शीळ घातली, दरीनं ती ठेवून घेतली.
खाली गौताळ्याचं रान
एकावर एक निळ्या घड्या घालून ठेवल्यासारखं,
पार खानदेशापर्यंत.
मी पाय सोडून तटावर बसले
आणि कितीतरी वेळ
कशाचंच वजन केलं नाही.

फोटो काढले. दशम्या खाल्ल्या. पुन्हा फोटो.
उतरताना गुडघा बोलायला लागला,
सुभाननं एक काठी तोडून दिली.
गाडीपाशी त्याला तीनशे दिले, वर पन्नास.
त्यानं पन्नास परत केले.
काठी मात्र ठेवा म्हणाला.

सोमवारी ड्युटीवर,
खिशात हात घातला, तर बिया.
अकराच्या अकरा.

दुपारी यार्डात ट्रक नव्हता.
मी बाहेर गेले, काट्याच्या मधोमध बिया मांडल्या
आणि आत येऊन बघितलं.
लाल आकडा शून्य.
वीस किलोच्या खालचं त्याला काही दिसत नाही.

तरी पावती केली.
माल: सीताफळ, बी.
नग: अकरा.
कुठं: हा रकाना आधी भरला,
बुरूज, सावली नाही तिथं.
कुठून: इथं पेन थांबलं.

दिवसभर त्याच्यामागं चाललो,
त्याच्या वाडीचं नाव
दगडाला विचारलं,
त्याला विचारायचं राहून गेलं.