हात लगेच उचलायचा नाही

रबाळ्याच्या शेडमध्ये सहा बूथ, चालू चार.
तिसरा माझा. पडद्याला विडीएवढं भोक,
आधीच्या बॅचमधल्या कुणाच्या तरी ठिणगीचं.

तांडेल सरांनी पंधरा दिवस टॉर्च दिलाच नाही.
नुसती पेन्सिल.
करंगळी टेकवून कागदावर रेघ ओढायची,
मनगट न हलवता.
"अक्षर कसं आहे तुझं, भोईर?"
वाईट, म्हटलं.
"सुधारेल."
नाही सुधारलं.

आज तीनशे चारची पट्टी, दीड मिलिमीटर.
ॲसिटोननं पुसली. परत पुसली.
काच खाली घेतली, सगळं काळं,
आणि त्या काळ्यात तांदळाच्या दाण्याएवढं तळं,
कडा थरथरणारी.
तार टोचायची, मागे घ्यायची,
टोचायची, मागे,
गॅसच्या बाहेर न्यायची नाही,
टंगस्टन बुडवायचं नाही

बुडवलं.

"घासून आण." सर पलीकडून, न बघता.
त्यांना आवाजावरून कळतं.

ग्राइंडरपाशी जुबेर आधीच उभा.
"कितवी?"
"सातवी."
"माझी अकरावी," तो म्हणतो,
"कॉलेजातही तिथेच अडकलो होतो."

साडेचारला एक जमला.
सुरुवातीला कांद्याच्या सालीचा रंग,
पुढे जांभळट,
शेवटी निळा, जिथे मी रेंगाळले.
नाणी एकावर एक कलंडावीत तशा लाटा.
मी तो सरांपुढे धरला, जरा जास्तच वर.

त्यांनी पुढून बघितलंच नाही.
सांडशीनं उलटा केला.
मागे काळी, खरबरीत, करपलेली रांग,
कढईच्या तळाला पाक लागावा तशी.
"साखर धरली," सर म्हणाले.
"वरून कीर्तन, आतून तमाशा.
उद्या पाइपातून औषध जाईल. हा चुरा कुणाच्या पोटात?"

मला आईची पट्टी आठवली,
फ्रिजवर ठेवलेली, सकाळी एक, रात्री एक.
तिचीही साखरच.
त्या गोळ्या कुठल्या पाइपातून आल्या असतील,
आणि त्याची मागची बाजू
कुणी बघितली असेल का?

मग मागून फॉइल लावली,
बारीक नळी खुपसली,
आर्गॉन भरू दिला. दिसत नाही, वास नाही,
फक्त मीटरमधला मणी वर चढून थांबतो.
सरांनी सिलिंडरवर खडूनं माझं आडनाव लिहिलं,
गॅस कुणी किती खाल्ला याचा हिशेब.

पुन्हा काच. पुन्हा तळं.
यावेळी टोचणं आणि श्वास कुठेतरी जुळले,
कसे ते विचारू नका, नाहीतर जातील.
पट्टी संपली, पाय पेडलवरून काढला,
ज्योत गेली, आणि मी उठणार
तेवढ्यात मनगटावर सरांचा हात.
"लगेच उचलायचा नाही.
उजेड गेला तरी गॅस चालू आहे. ऐक."

ऐकलं. बारीक सिसकारी.
काचेआड लालसर ठिपका विझत चाललेला,
त्याला अजून वारा लागू द्यायचा नव्हता.
पाच. सहा.
ठाणे-बेलापूर रोडवर कुणीतरी टँकर मागे घेतोय.
सात. आठ.

सिसकारी थांबते.
पट्टी अजून गरम आहे.
उलटायला सांडशी शोधते,
तर ती जुबेरकडे.