उलटी बाजू

बाबा पंचिंगवाले. जेकार्डच्या पुठ्ठ्यांना
भोकं पाडण्यात त्यांचे डोळे गेले.
भोक असेल तिथं सुई जाते, धागा उचलला जातो.
नसेल तिथं नाही.
अख्ख्या सोलापूरचे मोर एवढ्यावर नाचतात.

एकदा त्यांचं एक भोक चुकलं
आणि साखर पेठेतल्या एका मागावर
तीनशे मोर आंधळे निघाले.
गिऱ्हाइकानं चादर उन्हात धरली,
उलटली,
बोट ठेवलं : इथं.
बाबा हे अजून सांगतात, हसत.
चूक केल्याचं नाही,
ती सापडली याचं त्यांना कौतुक.

यंदा विडी कामगार बायकांच्या सोसायटीची निवडणूक
मोबाईलवर झाली.
मी ऑपरेटर. महिन्याला नऊ हजार,
आणि निवडणुकीचे वर आठशे.
पुण्याहून कंपनीचा मुलगा आला होता,
कडक इस्त्री, बेचाळीस डिग्रीत.
पडद्यावर कुलपांची चित्रं दाखवत म्हणाला,
मत एकदा आत गेलं की ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही.
मागच्या बाकावरून बाबा :
आणि आत जायच्या आधी?
सगळे हसले. मुलगाही हसला.
पुढचं चित्र लावलं.

बाबांचा दुसरा प्रश्न त्याहून वेडा.
सर्व्हर कुठंय म्हणाले, आणि
शेजारी झोपायला जागा आहे का?

कारण गिरणीच्या युनियनचं मतदान झालं त्या साली
पेटीशेजारी दोन रात्री झोपले होते ते.
लाखेच्या मोहरेवर एक डोळा,
पलीकडे दुसऱ्या पॅनलचा मल्लेशम वडनाल,
त्याचा डोळा बाबांवर.
पहाटे गारठा पडला तेव्हा
दोघांत एकच चादर.
विश्वास नव्हता म्हणून तर
इतक्या जवळ झोपलो, म्हणतात बाबा.

मतदानाच्या दिवशी बालामणी इराबत्ती ऑफिसात आल्या.
चाळीस वर्षं पानं कातरून, विड्या वळून
अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या.
मशीन म्हणालं, बोट पुसून पुन्हा ठेवा.
त्यांनी पदराला पुसलं.
पुन्हा ठेवा.
पुसण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

मग ओटीपीचा मार्ग. नंबर टाकला. वाट पाहिली.
फोन वाजला तो दारातल्या गुंडेटी चेकरच्या खिशात,
जो रोज त्यांच्या विड्यांतून छाट काढतो.
बँकेचं खातं उघडताना नंबर त्याचाच दिला होता,
यांच्याकडे तेव्हा फोन कुठला.
'झालं बघा मावशी, तुमचं सकाळीच झालंय.'
पडद्यावर हिरवी बरोबरची खूण :
तुमचे मत यशस्वीरीत्या नोंदले गेले आहे.
धन्यवाद.

रात्री मी यादी नंबरवार लावली.
एका नंबरामागे एक्केचाळीस नावं.
इरव्वा, पोशव्वा, दोन लक्ष्मी, एक मयत.
कागद साहेबांना दिला. साहेबांनी कंपनीला फोन केला.
कंपनी म्हणाली, सिस्टीममध्ये एरर नाही.
खरंच नव्हती.
प्रत्येक भोक जिथल्या तिथं,
फक्त हात दुसऱ्याचा.

बाबांना म्हटलं, ही चादर उलटून बघता येत नाही.
उलटली तर कुणी कुणाला दिलं तेही दिसेल,
मग गुंडेटीला घरोघरी हिंडायलाही नको.
बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, झाकायचंही आणि दाखवायचंही,
असलं डिझाईन मला कधी कुणी सांगितलं नाही गं.
पेटीला जमत होतं, काय की.

निकालाचे पेढे वाटले. हरकतीची मुदत संपली.
तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
आठशे रुपयांच्या पावतीखाली.

आणि त्या दिवशी जाता जाता बालामणी
परत वळल्या होत्या टेबलापाशी,
डावी तर्जनी पुढं धरून,
गुळगुळीत, तंबाखूनं पिवळी.
शाई लाव की पोरी, म्हणाल्या,
नायतर मी आले होते हे कळणार कसं?

ड्रॉवर उघडला. शाई नव्हती.
स्टॅम्पचं पॅड होतं, निळं, निम्मं वाळलेलं.
ते लावलं.