केळीचा चीक

आखाजीची सोंगं रात्री निघतात,
पण आमची दुपारपासून घाई.
शाळेचा व्हरांडा, वर पत्रा, आत भट्टी.
सुपडू नाना पेटी उघडतो:
मुर्दाडशिंग, पिवडी, हिंगूळ,
बिस्किटाच्या डब्यात काजळ,
जिनिंगमधून मागून आणलेला कापूस.
ऋषीच्या दाढीत अजून सरकी सापडते.

"घाम आधी, रंग मागून," म्हणतो,
आणि सगळ्यांना तासभर नुसतं बसवतो.

यंदा देवी म्हणजे दिगंबर कोळी,
दिवसा केळीचे घड उतरवणारा.
चेहऱ्याचं काही नाही, चेहरा ऐकतो.
दोन बोटं पिवडी, भुवयांमध्ये नाना जरा थांबला,
आणि दिगंबरने भिंतीकडे पाहिलं
तेव्हा भिंतही सावरून उभी राहिली.
पण हात.
चिकाने काळे, नखांपासून मनगटापर्यंत.
रॉकेल झालं, लिंबू झालं,
मी दोनदा सफेदा थापला,
वाळला, तडकला, काळं पुन्हा वर.
हातमोजे आणू का, म्हटलं.
"देवीले थंडी वाजस का रे भो?"

शालू इंदू शिंपिणीच्या लेकीचा, उसना.
घाम लागू नये म्हणून आतून खताच्या गोणीचं अस्तर.
देवीच्या पाठीशी उलट्या अक्षरांत
निव्वळ वजन पन्नास किलो.

पिना लावताना नाना सहज बोलला:
आधीची तीन गेली होती.
चौथ्याला मायने सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीने पसाभर ज्वारीला विकत घेतलं,
नाक टोचलं, परत दिलं.
न्यायला आलेलं दारातूनच फिरलं म्हणे,
कुणाचं तरी टाकलेलं दिसतंय.
"माझा पहिला मेकअप.
सत्तर वर्षं झाली, पुसला नाही."

मग त्याने देवीच्या हातांना
नुसतं खोबरेल चोळलं. बाकी काही नाही.

रात्री गॅसबत्तीखाली हात वर गेला, काळा, चकाकता.
पुढे बसलेल्या बाया, घड वाहणाऱ्या,
त्यांनी तोंडाकडे नंतर पाहिलं.

पहाटे ट्रक उभा.
मी दिगंबरचं तोंड पुसलं,
कपाळ, गाल, गळा.
कानामागची पिवडी तेवढी राहू दिली.
मुकादम नेहमीसारखा ओरडायला वळला,
शिवी अर्धी आली तोंडात,
मग म्हणाला, चढ, उशीर होतोय.