मोरघारीची वही

रघुवीरकाका गेल्यावर कपाटात दुर्बीण निघाली,
एका काचेला चीर गेलेली,
आणि तिच्याखाली लाल पाठीची लांबलचक वही.
पहिल्या पानावर टपोऱ्या अक्षरात :
मोरघार, नर व मादी.
मुक्काम ग्वाल्हेर किल्ला, उरवाईची बाजू,
मूर्तींच्याही वर, जिथं छिन्नी पोचली नाही तिथं.

बत्तीस वर्षं काकांनी सरकारी हिशेब तपासले.
निवृत्तीनंतर हिचे.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.

जमा : कबुतर. कबुतर. पोपट.
कंपूतली कोंबडी एक (मालक ओरडत होता).
खर्च : भर उन्हात दोन तास घिरट्या, हाती काही नाही.
धुकं. कडाच दिसत नाही. नोंद निरंक.

शेऱ्याच्या रकान्यात अक्षर बारीक होतं :
नर वरून उडतो, उघड, साऱ्या किल्ल्याला दिसेल असा.
कबुतरं माना वर करून त्याच्याकडं बघत बसतात.
मादी खालून येते, दगडाला घासून,
वसुलीला आल्यासारखी.

मार्गशीर्ष. जुन्याच घरट्यावर नव्या काड्या,
दरसाल एक मजला.
आज कडुनिंबाचा हिरवा डहाळा आणला.
कशासाठी? खुलासा प्राप्त नाही.

पौष. अंडी दोन.
मादी बसते. ती उठली की तो बसतो,
परक्या घरात खुर्चीच्या कडेवर बसावं
तसा अवघडून.

एकेचाळीस दिवसांनी : पिल्लू एक.
त्यानंतर तीन दिवसांनी : पिल्लं दोन.
मग ओळी तुटक होत जातात.
थोरलं धाकट्याला टोचतं.
आई शेजारीच. बघते.
बाप होला ठेवून जातो. थोरलं खातं.
धाकटं मान वर करतं. थोरलं टोचतं.
रविवार : पिल्लू एक.

हे खर्चात.
समोर लाल शाईत एकच शब्द : आक्षेप.
कोणावर, किती रकमेचा, काही नाही.
पुढची तीन पानं कोरी,
आणि चौथ्यावर, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं :
आक्षेप मागे.

मी धाकट्याची मुलगी.
माझे वडील सोळाव्या वर्षी
बिर्लानगरच्या गिरणीत लागले,
कारण घरात फी एकाचीच होती
आणि काका आधी जन्मले होते.
गिरणी बंद पडली, तरी वडिलांच्या कानात
साचे चालूच राहिले; आम्ही ओरडून बोलायचो.
या गोष्टीबद्दल मात्र कोणीच काही बोललं नाही.
दिवाळीला दोघं एक करंजी मोडायचे.
काका मोठा तुकडा त्यांच्याकडं सरकवायचे,
ते तो परत.
सारण ताटभर सांडायचं,
काकू चिडायची.

वैशाख. लू सुटली आहे.
पिल्लू कड्यावरून सुटलं.
आधी पडल्यासारखंच वाटलं. (इथं शाई फुटली आहे.)
पडलं नाही.
भाद्रपदात आईबापांनीच त्याला पिटाळलं,
पार शहराबाहेर, खाणींच्या पलीकडं.
कुठल्या डोंगरावर लागलं, पत्ता नाही.
खातं बंद.

काकांचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी
मी वही घेऊन छतावर चढले.
चिरलेल्या काचेतून मादी दोन दिसतात;
एक डोळा मिटला की एकच उरते.
खाली मूर्तींच्या मस्तकांवर ऊन आलेलं,
ती त्यांच्या वर, पोटाचं पांढरं फुगवून,
एकेक पीस चोचीनं ओढून सरळ करते.
पोटावर उभ्या तपकिरी रेघा,
आखून घेतल्यासारख्या.

मी तारीख घातली.
जमा की खर्च, ठरेना,
म्हणून मधल्या रेघेवरच लिहिलं : बसली आहे.
शाई वाळायच्या आत
ती उठली.