अर्धा इंच

मिसेस किनेअर वर्षातून दोनदा येते,
एप्रिलात आणि ऑक्टोबरात,
अंगात तोच मोरपंखी कोट, आणि म्हणते,
"शलाका, मी पुन्हा सैल झालेय."
कोट सैल झाला, असं ती म्हणत नाही.

लीथ वॉकवरचं माझं दुकान
दोन मशिनं आणि एका हीटरपुरतं.
इथे येतात जीन्सच्या झिपा, शाळेचे स्कर्ट,
लग्नाआधी धास्तीनं बारीक झालेल्या नवऱ्या.
आणि ही येते, एकाहत्तर वर्षांची.
टॅक्सीतून आधी बूट उतरतो,
मग काठी,
मग बऱ्याच वेळानं बाई.

मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली.
कापड म्हणजे आमच्याकडे मीटर, बिल, उधारी.
वडील पोत चाचपायचे ते दोष शोधायला.
हिनं पहिल्याच भेटीत कोट उलटा केला,
माझा हात अस्तरावर ठेवला
आणि वाट बघत राहिली,
जणू आत कुणाची नाडी लागणार होती.
कुसुंबी रेशीम. हातानं घातलेली टीप.
आतल्या चोरखिशालासुद्धा काज.
"हे तर कुणालाच दिसत नाही," मी म्हटलं.
"मला माहीत असतं ना."

किंमत तिनं सांगितली, मी विचारली नव्हती.
तेवढ्यात आमच्या गल्लीत जुना माग आला असता.
उधळी बाई, मी मनात म्हटलं.
कात्री उचलली, परत ठेवली,
आणि हात धुऊन आले.

माझ्या वहीत तिची सात वर्षं आहेत.
कंबर अर्धा इंच आत. खांदा पाव.
बाही वर. पुन्हा बाही वर.
मागच्या ऑक्टोबरात म्हटलं, आता कापावं लागेल,
शिवणीत दाबायला जागाच उरली नाही.
"कापू नकोस, दाब.
कोट मूळचाच आहे. दुरुस्ती माझी चाललीय."
आजाराचं नाव तिनं कधी घेतलं नाही.
टेपला कळलं तेवढंच मला कळलं.

यंदा एप्रिल गेला, ती आली नाही.
मे महिन्यात फोन: "माप नको. नुसती ये."
इथल्या समुद्री धुक्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मला प्रश्न पडला होता,
गळ्यात घालायचा की पत्करायचा?
त्या दिवशी तो डंडास स्ट्रीटभर पसरला होता.

तिसरा मजला. कपाट सताड उघडं, निम्मे हँगर रिकामे.
काळा मखमली गेला, चांदीच्या बटणांचा गेला,
ज्यांना ती नावानं हाक मारायची
त्या दोन हँडबॅगाही लिलावात गेल्या.
बदल्यात भिंतीवर वीतभर चित्र.
डंडीच्या कुणा पोरीनं काढलेलं,
जिचं नाव अजून तिच्या गल्लीलाही ठाऊक नसावं.
राखी पाणी, आणि कडेला एक पिवळा.
हळदीचा नाही, लिंबाचा नाही,
मला नाव सुचेना असा पिवळा.
रंगाच्या थरात ब्रशचा एक केस अडकून वाळलेला.
"छापील प्रतीत हा केस नसता," ती म्हणाली.
एवढ्यासाठी अर्धं कपाट?
मी काही बोलले नाही. केस मात्र दोनदा बघितला.

"थांब, असं नाही बघायचं."
गाऊनवर तिनं मोरपंखी कोट मागितला.
मी चढवला. आत आणखी एक बाई मावली असती.
लिपस्टिक लावली, आरशाशिवाय, अचूक.
"कुणी यायचंय का?"
"आलंय की," आणि मान भिंतीकडे.

टाचण्या दुकानात राहिल्या होत्या.
मी मागं उभी राहिले, पाठीवरचं सैल कापड
गोळा करून मुठीत धरलं.
समोरून कोट अगदी मापात बसला.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात आमच्याकडे;
कोट त्याहून महाग होता.
ती बघत होती. बराच वेळ.
माझी बोटं अवघडली.
धुकं खिडकीशी येऊन उभं होतं.
मी मूठ सोडली नाही.