एक पिंजरा पुढे

सकाळी साडेसहा. गवतावर दव अजून.
मी दोर ओढते, हे मागून पहार लावतात,
आणि दहा फुटांचा बिनतळाचा पिंजरा
भंगारातल्या लुनाच्या चाकांवर करकरत
एक पिंजरा पुढे सरकतो.

आत पंचाहत्तर पांढऱ्या पाठी.
पहिल्या दिवशी घाबरून मागच्या जाळीशी गठ्ठा झाल्या होत्या.
आता दोराला ताण बसला की चालू लागतात,
पाट मांडल्याची हाक आलेल्या वऱ्हाडासारख्या,
कोण कुणाच्या पायावर, कोण आधीच पंगतीत.
एक मात्र कायम मागे.
तिच्यासाठी थांबायचं.
अहो, हळू. नख अडकेल.

कोऱ्या गवतात चोची उतरतात.
नाकतोडा, हरळीचं टोक, आघाड्याचं बी.
कालची शीट, कालची खरवड मागे राहते
आणि आठ-दहा दिवसांत तिथे असं काळंभोर हिरवं उठतं
की कामठ्यांची शेळी अख्खा माळ सोडून
नेमकी त्याच चौकोनांत शिरते.

श्रावणात पिल्लं स्वस्त पडतात,
घट उठले की पुण्याला भूक लागते.
मधले आठ आठवडे आमचे.
तीन बल्बाखाली, पाच उन्हात.
एका रात्री कोल्ह्याने जाळीखालून उकरलं, पाच गेल्या.
हे दोन दिवस धड जेवले नाहीत.

कापायचं माझ्याकडे.
भोसरीत अठरा वर्षं लेथवर लोखंड सोलणारा माणूस
त्या पहाटे विहिरीवर मोटर बघायला जातो.
मोटर चांगली असते.
मी पत्र्याच्या शंकूत घालते, डोकं खाली,
अंगठ्याने मान चाचपते.
सासूबाई म्हणायच्या, हात गरम असावा, सुरी गार.
एवढंच शिकवलं त्यांनी मला. पुरलं.

मग टेम्पो दिवे घाट उतरतो, बर्फ वाजत.

कोथरूडच्या एका बाईंचा फोन.
"चव आहे हो, पण चिवट वाटली. दोन शिट्ट्या जास्त लागल्या."
म्हटलं, चाललेली आहे ना ती.
"किती?"
मी हिशेब केला. पस्तीस सकाळी, दहा-दहा फूट.
जांभळापासून पाझर तलावाच्या बांधापर्यंत
साडेतीनशे.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मिक्सर बंद झाला.
"पुढच्या वेळी दोन ठेवा माझ्यासाठी."

आज पिंजरा रिकामा.
माळावर पस्तीस चौकोन,
जांभळाकडचे गडद, बांधाकडचे अजून उघडे, पिवळट.
रेवा त्यांच्यावरून उड्या मारत मोजत जाते,
एकोणतिसाव्यावर चुकते,
परत जांभळापाशी.

साडेसहाला माझा हात दोराकडे गेला.
ह्यांनी पहार आणलेलीच होती.
ओढायला हलका. मी तरी मागे वळून बघितलं.
मग बांध आडवा आला.
"वरच्या पट्ट्याने परत फिरवू," हे म्हणाले,
"तिकडं गवत बरंय अजून."
सोमवारी खोकी येतात.
शंभरावर दोन जास्त देतो हॅचरीवाला,
मरतील म्हणून.